बालवाडीची पिशवी

"पिशवी ठेवा आणि मग खुशाल जा," प्रियदर्शिनी म्हणाली. बालवाडीच्या खेळण्यांनी भरलेल्या पिशवीचा एक बंद तिच्या हातात होता, दुसरा बालवाडी चालवणाऱ्या भागीच्या. भागी काही सोडेना.

पाड्याच्या तोंडाशी वीटभट्टीचा ट्रक उभा होता. हंडे, कोंबड्या, ताडपत्र्या, आणि त्या पसाऱ्यावर चढून बसलेली बालवाडीतली सगळी पोरं. दिवाळी सरली की पाडा दरवर्षी भट्टीवर जातो, पाऊस तोंडावर आला की परततो. यंदा भागी मागे राहून शेजारच्या पाड्यांतल्या बालवाड्यांच्या नव्या बायांना शिकवणार होती. तसं कबूल करून बसली होती. आणि आता तिचं बोचकं ट्रकात!

प्रियदर्शिनीचं डोकं फिरलं, आणि फिरणारच. तिच्या संस्थेचं बालवाड्यांचं काम बोईसरच्या कामगार वस्तीत सुरू झालं, तिथून मुरब्याला, माकुणसारला गेलं. डोंगरात मात्र कोणी बाई टिकेना. भागी टिकली. गाणी, मातीकाम, रडणाऱ्या पोराला कसं जवळ घ्यायचं, सगळं शिकली. तिची बालवाडी प्रियदर्शिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायची.

त्याच भरात तिनं ऑफिसात शब्द देऊन टाकला होता, यंदा भट्ट्यांवरही बालवाड्या काढू म्हणून. पहिल्याच भट्टीवर मुकादमानं तिला रस्त्यावरच अडवलं. "मॅडम, इथं शाळाबिळा काय नाय काढायची," म्हणाला. साधं पाणी विचारलं नाही. तोच मुकादम आज ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसून पाडा गोळा करत होता. भट्टी तर हातची गेलीच होती, आता बाईही चालली.

"वर्षभर तुमच्यावर मेहनत घेतली, भागीताई. ती काय विटा थापायला?"

हे लागेल, हे तिला बोलता बोलताच कळलं. पण शब्द निघून गेला होता. ट्रकातून भागीचा नवरा जिवल्या बघत होता, त्यानं मान फिरवली.

"चल गं भागे, ऊन झालं!" मुकादम ओरडला.

"आले, आले!" भागी त्याच्याकडे बघून हसली. मग प्रियदर्शिनीच्या अगदी जवळ सरकली.

"विटा तं थापीनच, ताई. पन दुपारी ऊन चढलं का थापनी बंद. बाया आडव्या होतात न पोरं भट्टीच्या तोंडाशी खेळतात. माजा भाऊ तिथंच भाजला व्हता."

प्रियदर्शिनीला हे ठाऊक नव्हतं. वर्षभरात तिनं कधी विचारलंही नव्हतं.

"पण तो मुकादम... तो तिथं बालवाडी चालू देईल?"

भागीनं पिशवी हळूच ओढून घेतली आणि पदराखाली धरली.

"तुमाला त्यानं रस्त्यावरनं परत धाडलं, ताई. मला न्यायला त्यानं गाडी आनली हाय."