आधी तांब्या ठेवा

प्रीतीचं उद्याचं भाषण एकाच प्रश्नावर अडलं होतं. बंद पडलेले उपग्रह सगळेच अवकाशात सोडून देतात, पण साफसफाईचा खर्च करायचा कोणी? अंगणात कडूबाकाका करपलेलं पातेलं राखेने घासत होते. बुद्धविहाराचं पातेलं लग्नाला नेताना आपला तांब्या विहाराची भांडी सांभाळणाऱ्या प्रीतीच्या आईकडे ठेवायचा, आणि भांडं लख्ख करून आणलं तरच तो परत न्यायचा, हा धावडा गावातला रिवाज. काकांनी ते तसंच काळंकुट्ट आणून टेकवलं होतं, पण आई थोडीच ऐकते! “बघा वहिनी, झालं का बराबर?” आईने हसत तांब्या पुढे केला. तो मधेच प्रीतीने उचलला. “काका, हा उद्या भाषणात दाखवते. उपग्रह सोडणाऱ्यांचाही तांब्या आधीच ठेवून घ्यायचा!” “पण माझं तं घासून झालं की, पोरी!” “तुमचं झालं.” तिने निळ्याभोर आभाळाकडे पाहिलं. “त्यांचं घासायचं राह्यलंय अजून.”