पोलीस पाटलाची वर्दी

अनिता मॅडमनी तिसरा तक्ता भिंतीवर लावला आणि महिपतचं मान डोलावणं थांबलं.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सकाळपासून चौदा माणसं सतरंजीवर बसली होती. सरपंच जयश्रीबाई, सदस्य, अंगणवाडीच्या ताई, भजनी मंडळाचा गोमा आणि गावचा पोलीस पाटील म्हणून महिपत. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली माणसं कशी ओळखायची, याचं गावातल्या प्रमुख लोकांना प्रशिक्षण होतं. मॅडम कल्याणहून कसारा लोकलने आल्या होत्या. शहापूरकडची, हायवेच्या कडेची गावं त्या एकेक करून घेत होत्या. फी नाही, गाडीभाडं नाही. शिकवताना तक्त्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत. गावाने केलेल्या चहाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही. बाई भली, पण जरा कोरडी, असं सगळ्यांचं मत पडलं.

तशी प्रशिक्षणं महिपतने डझनावारी पचवली होती. दोन तास मान हलवायची, फोटो काढायचा, जेवायचं आणि घरी जायचं. हे मात्र घशाखाली उतरेना.

ही माणसं नजरेला नजर देत नाहीत, मॅडम सांगत होत्या. गोंगाट झाला की कान दाबून धरतात. फिरतं चाक दिसलं की तासन्‌तास बघत बसतात. काही जणांना नाव विचारलं, तर उत्तर येत नाही, तोच प्रश्न परत ऐकू येतो.

"ते चिडवत नसतात," मॅडम म्हणाल्या. "त्यांना तेवढंच जमतं."

महिपतने गोमाकडे पाहिलं. गोमा मान खाली घालून सतरंजीचे धागे उपसत होता.

दोन वर्षांमागची गोष्ट. भाताची झोडणी चालली होती आणि पोरं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज मोबाइलवर फिरत होता. गावाने काठ्या घेऊन पहारा लावलेला. भरदुपारी हायवेकडून एक जवान मुलगा चालत आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. सकुबाईच्या ओट्यापुढे तिच्या नातीची सायकल आडवी पडली होती. तिचं चाक फिरवत तो खाली बसला. नात शेजारीच उभी. गोमाने बोंब ठोकली.

विचारायचं काम पोलीस पाटलाचं. कोण रे तू, महिपतने विचारलं. कोण रे तू, मुलगा म्हणाला. पोरं पळवतोस काय? पोरं पळवतोस काय? भर गावात पाटलाची थट्टा करतो म्हणजे काय! पहिली थोबाडीत महिपतचीच बसली. मग कुणीतरी ओरडलं, मारा. मुलगाही कान दाबून म्हणू लागला, मारा, मारा. माणसं आणखीच पिसाळली. तो मात्र आवाज बंद होईपर्यंत तेवढंच म्हणत राहिला.

संध्याकाळी त्याला उचलून हायवेवर नेऊन टाकलं. अज्ञात वाहनाची धडक, अशी वर्दी महिपतनेच पोलिसांना दिली. ती खपली. मुलगा कुणाचा, कुठला, हे गावाने कधी विचारलं नाही. चोरच होता तो, असं मनाला बजावून महिपतने दोन वर्षं काढली. आणि आज ही बाई भिंतीवर एक कागद चिकटवते आणि तेवढाही आधार काढून घेते. अरे देवा, तो नुसतं चाक बघत होता.

प्रशिक्षण संपलं. माणसं जेवायला उठली. जाता जाता गोमा त्याच्या कानाशी लागला.

"गप ऱ्हा हां, पाटील. तोंड उघडलंस तं आख्खा गाव आत जाईल. तुझ्या आरतीचं लगीन तोंडावर हाय."

लेकीचं लग्न खरंच पंधरा दिवसांवर आलं होतं. महिपत दारापर्यंत गेला आणि परत फिरला. दोन वर्षांत त्याला धड जेवण गेलं नव्हतं. ही बाई परकी, शिकलेली, भली. उद्या दुसऱ्या गावाला जाईल. हिच्यापाशी मन मोकळं केलं तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"मॅडम," तो म्हणाला, "समजा, तसा कोणी वाट चुकून गावात आला. लोकांना कळलं नाय. त्यांनी मारला. तं त्यात लोकांचा गुन्हा काय?"

मॅडम तक्ते गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मेला?"

महिपतने मान हलवली, आणि मग त्याला स्वतःला आवरता येईना. चाक, थोबाडीत, काठ्या, हायवे, वर्दी, सगळं त्याने भडाभडा ओकून टाकलं. तो मुलगा काय म्हणत होता, तेवढं मात्र त्याच्या तोंडून निघेना. ढसाढसा रडला. मॅडमनी पाण्याचा ग्लास तेवढा पुढे सरकवला. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं त्याच्या!

"आमाला कोणी शिकवलंच नाय, मॅडम," डोळे पुसत तो म्हणाला. "तुमी दोन वरसं आधी आल्या असत्या, तं पोरगा वाचला असता."

मॅडम त्याच्यासमोर सतरंजीवर बसल्या.

"सतरा गावांत हे तक्ते लावले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "प्रत्येक ठिकाणी चेहरे बघत राहिले. गाडीची धडक ही तुमची वर्दी मला कधीच पटली नव्हती, पण तो कुठल्या गावात शिरला ते कळत नव्हतं. आता इथून पोलिसांकडेच जायचंय, पाटील. त्याआधी एवढं सांगा, शेवटी काय बोलत होता माझा प्रज्वल?"