आत्याबाईंचा गारवा

"भुसावळात ब्लूबेरी पिकवणारा पहिला माणूस म्हणून चौकात माझा पुतळा उभा राहील," असं हेरंबराव म्हणाले, आणि दाराची बेल वाजताच स्वयंपाकघरात जाऊन लपले.

"पुतळ्याने बाहेर यावं," त्यांच्या पत्नी कुमुदताई म्हणाल्या. "गारवा खात्याचे साहेब आलेत."

हेरंबराव पाय ओढत बाहेर आले. गार हवा घरातली डोकी मोजून नळाने सोडली जायची, आणि थंडी मिळाल्याशिवाय ब्लूबेरीला फळ धरत नाही. म्हणून त्यांनी कुंडीतल्या झुडपाची नोंद 'अंथरुणाला खिळलेल्या आत्याबाई' अशी केली होती. आता लबाडी उघडी पडली तर नळ कायमचा बंद, आणि बाहेर भर पौषात डांबर वितळत होतं.

घामाने निथळणारे साहेब थेट आतल्या खोलीत गेले. त्यांनी पलंगावरची शाल बाजूला केली. फांदीवर पहिली कळी डोकावत होती.

"आत्याबाई बोलत नाहीत वाटतं?"

"स्वभावच अबोल," हेरंबराव कसेबसे म्हणाले.

साहेबांनी शाल पुन्हा नीट पांघरली, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"त्यांना विचारता का जरा, मी थोडा वेळ इथे टेकलो तर चालेल?"