दुसरी डिस्क

वडील गेल्यावर घरातले सगळे फोटो-व्हिडिओ दोन डिस्क बसणाऱ्या एका साठवण-पेटीत जपायचे नधीरने ठरवलं, आणि त्या पेटीला चालतील अशा हार्ड डिस्क शोधत ओरान शहराच्या बाजारात तीन शनिवार घालवले. शेवटी बेनाउदा नावाच्या दुकानदाराने पेटीच्या यादीशी नंबर ताडून दोन सारख्या डिस्क समोर ठेवल्या. "एकीवर जे होईल ते त्याच क्षणी दुसरीवर. एक मेली तरी दुसरी आहेच, भाऊ. खुशाल झोप."

घरी त्याने आईला हेच समजावलं. तिला त्यातला एकच व्हिडिओ हवा असायचा. गॅलरीत बसून वडील पिंजऱ्यातल्या पक्ष्याला शीळ शिकवताहेत, तो. सकाळच्या कॉफीबरोबर ती रोज तो लावायला सांगायची.

परवा जागा करायला नधीर दोनदा आलेले व्हिडिओ पुसत बसला. ही नक्कलच असेल म्हणून त्याने शीळेचा तो व्हिडिओही पुसला, वर कचरापेटी रिकामी केली. दुसऱ्या डिस्कनेही त्याच क्षणी तो पुसून टाकला. व्हिडिओ मुळात ज्यात होता तो वडिलांचा फोन कधीच कोरा करून बहिणीला दिला होता. बेनाउदा फोनवर नुसता "अरेरे" म्हणत राहिला.

सकाळी कॉफीचा पेला आईसमोर ठेवून नधीरने, खाली मान घालून, झालेलं सांगितलं.



तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "एवढंसं तोंड कशाला करतोस रे? दुसरीतून काढ. म्हणून तर दोन आणल्यास ना?"