कोपरचे केंद्र

रविवार, ९ मार्च २०२५, सकाळचे दहा, खुर्च्या बारा. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना औषधासाठी ठाण्यापर्यंत खेटे घालावे लागू नयेत, म्हणून दौलतरावांनी वर्षभर खटपट करून कोपरला केंद्र आणले होते. पहिल्या बैठकीला साडेअकरापर्यंत कोणी फिरकले नाही.

“काका, बाराही खुर्च्यांवर आता तुम्हीच बसा!” समुपदेशक रचना हसली, मग हळूच म्हणाली, “घराजवळ कोणी ओळखेल, ही धास्ती असते हो. तुमच्या गोळ्या तरी इकडे वळवून घेऊ ना?”

दौलतरावांची नजर खिडकीतून समोरच्या, स्वतःच्या इमारतीकडे गेली.

“नको गं. माझं ठाण्यालाच राहू दे.”

“बरं. आजची उपस्थिती किती लिहू?”

त्यांनी स्वतःला वगळून मोजले.

“शून्य.”