सुनेचं प्रशिक्षण

‘तुमच्या शाळेतील अडचणी पन्नास शब्दांत लिहा,’ असं पडद्यावर आलं आणि सासऱ्यांचा हात थांबला. शाळा सोडून त्यांना उभा जन्म लोटला होता.

माध्यमिक शिक्षकांना डिजिटल प्रशिक्षण सक्तीचं झालं होतं. नाव सुनेचं, ती गणित शिकवायची. धडे मात्र सासरे सोडवत होते.

ही सोय तिनंच सुचवली होती. “बाबा, वह्यांतून मान वर काढायला फुरसत नाही मला. आणि त्या यंत्राचं नि माझं काही जमत नाही. तुम्ही कराल?”

सासऱ्यांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. बटणांचं त्यांना भय नव्हतं. बायको गेल्यापासून वेळेला तोटा नव्हता. मुलगा जहाजावर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. प्रमाणपत्रावाचून सुनेची नोकरी कायम होणार नव्हती. ते हो म्हणाले.

संध्याकाळी ती आल्यावर त्यांनी विचारलं, “शाळेत काय अडतं गं?”

“कशाबद्दल?”

“संगणकाबद्दल. लिहायचंय.”

“संगणकांची खोली आहे. किल्ली लिपिकाकडे, लिपिक रजेवर. मुख्याध्यापक म्हणतात, बंदच बरी, धूळ बसत नाही. धूळ आणि मुलं, दोघांपासून सारखीच जपलीय.”

ते हसले. तीही हसली. मग ती वह्यांकडे वळली आणि ते बातम्यांकडे. त्या आठवड्यात दोघं एवढं एकदाच बोलले.

धुळीचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं प्रशिक्षणाच्या चर्चागटात टाकलं. गटात नावं दिसत नसत. शिक्षकांनी मोकळेपणानं लिहावं म्हणून फक्त विषय आणि क्रमांक दिसे. दुपारी उत्तर आलं. पाठवणाऱ्याचा विषय इतिहास.

“तुमची खोली तरी बंद आहे, लाज झाकलेली राहते. आमच्या वर्गात प्रोजेक्टर आला. वायर कुठली कुठं लावायची कळेना. मागून एक मुलगा म्हणाला, बाईंना खडू द्या रे. सगळा वर्ग हसला. इतकी वर्षं उभं राहून शिकवलं, त्या दिवशी खुर्चीत बसून शिकवलं.”

सासऱ्यांनी लिहिलं, “वायरीला रंग असतो. पिवळीच्या जागी पिवळी. चुकली तर आभाळ कोसळत नाही. फार तर भलत्याच माणसाचा आवाज येतो.”

पाठवल्यावर त्यांनी जीभ चावली. गणिताच्या बाईंना भलत्या माणसाचा आवाज कुठून ऐकू येणार? पण इतिहासानं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच आलं, “पिवळी लागली. मुलगा गप्प.”

तिथून दोघांचं जमलं. इतिहासाचा निरोप दुपारी, मधल्या सुटीत यायचा. सासरे ताट घेऊन पडद्यासमोरच बसू लागले. समोर कुणी असलं की घास जरा बरा उतरतो.

एकदा इतिहासानं विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

त्यांनी आधी हात पुसले. मग सुनेच्या नावानं लिहिलं, “सासरे आहेत. एक्सचेंजमध्ये होते. फारसे बोलत नाहीत.”

“तुम्ही विचारता त्यांना काही?”

“वेळ कुठं मिळतो? दमून येते.”

सुनेची बाजू आपण चांगली मांडली, असं त्यांना वाटलं. त्या दिवशी इतिहासाकडून पुढं काही आलं नाही.

त्याच आठवड्यात जेवताना सून म्हणाली, “बाबा, एक्सचेंजमध्ये रात्रपाळीला झोप यायची का हो?”

“यायची.”

ती थांबली. ते भात कालवत राहिले. ती ताट उचलून आत गेली.

खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सुचलं आणि ते इतिहासाला मिळालं: रात्री सगळं गाव झोपलं की एक्सचेंज किती शांत व्हायचं, एखादा दिवा लुकलुकला की कुणाकडं काय वाईट घडलं असेल या धास्तीनं वायर जोडायला हात कसा धावायचा. शेवटी आठवणीनं लिहिलं, ‘असं आमचे सासरे सांगतात.’

“छान सांगतात,” इतिहासानं लिहिलं.

परीक्षा झाली. सुनेला प्रमाणपत्र मिळालं. “तुमच्यामुळे झालं, बाबा,” ती म्हणाली. “सुटलात एकदाचे.”

“हो, सुटलो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चागट बंद होणार होता. पडद्यावर तशी सूचना होती. सासऱ्यांनी ताट वाढून घेतलं, तसंच बाजूला सारलं आणि लिहायला घेतलं.

“मी गणिताच्या बाई नाही. त्यांचा सासरा आहे. धडे मी सोडवले, परीक्षाही मीच दिली. तुम्ही तक्रार केलीत तर तिची नोकरी जाईल आणि तुमचं काही चुकणार नाही. तरी लिहितोय. उद्यापासून माझ्याशी बोलायला कुणी नाही. खाली फोन नंबर देतो. वाटलं तर करा.”

जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिलेल्या माणसानं स्वतःचा नंबर असा पहिल्यांदाच पुढं केला होता.

निरोप गेला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून आपण सुनेच्या पोटावर पाय दिला. निरोप परत घेता येतो का, ते शोधू लागले. एवढ्या धड्यांत ते कुठंच शिकवलं नव्हतं. फोन वाजला नाही. ते उठले, पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले. तिला काय तोंड दाखवायचं, याची जुळवाजुळव सुरू केली. कुठल्याच शब्दानं सुरुवात होईना.

गट बंद व्हायच्या बेतात इतिहासाचं उत्तर आलं.

“बाबा, इतिहासाच्या बाई माझ्या शेजारीच बसतात, त्यांच्या नावानं मीच लिहीत होते. शेवटचा तास मोकळा आहे, लवकर घरी येतेय. जेवला नसाल तर थांबा, बरोबर बसू.”