श्यामलालचा कान

“अगोदर तोंडावरचा दुपट्टा सोड, मंग बोल,” श्यामलाल मिस्त्री म्हणाला.

रिताने दुपट्टा सोडला. भर उन्हात मोहाडीहून व्हॅन चालवत ती कारध्याला आली होती आणि हा माणूस पाणी विचारायचं सोडून हुकूम सोडत होता. पण गरज तिची होती. अख्ख्या भंडाऱ्यात लोक सांगायचे, कान असावा तर कारध्याच्या श्यामलालसारखा. गाडीत बसला की रोग सांगतो.

“काकाजी, वळण कडक घेतलं का समोरून ‘कट्ट’ वाजते. सरळ रस्त्यानं काही नाही. तीन गॅरेज फिरून आली मी.”

“काय म्हणाले ते?”

“एकानं ग्रीस मारलं. दुसऱ्यानं बुश बदलला. तिसऱ्यानं गल्लीत एक चक्कर मारली अन् म्हणते, ‘बाई, गाडीत काही नाही, तुमच्याच कानात वाजून राहिलं.’ सारे हासले.”

गावात व्हॅन चालवणारी बाई ती एकटीच. सोमवारपासून शाळेची आठ लेकरं तिच्या गाडीने जायची होती. आवाज कशाचा ते कळल्याशिवाय एकही लेकरू बसवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. आणि सोमवारी गाडी दारात हजर नसली तर आईबाप दुसरी गाडी लावणार होते. आज शनिवार होता.

“चाल, दाखव,” श्यामलाल म्हणाला.

बसण्याआधी त्यानं चपला बाहेर काढून ठेवल्या. देवळात शिरल्यासारखा आत बसला, तळपाय खाली टेकवले, डॅशबोर्डवर पंजा ठेवला. रिताला बरं वाटलं. कामाची इतकी इज्जत करणारा मिस्त्री तिनं पाहिला नव्हता.

रेडिओवर गाणं चालू होतं. ते बंद करायला तिनं हात पुढे केला.

“हात स्टेअरिंगवर ठेव,” तो खेकसला आणि डोळे मिटून घेतले.

बाप्पा! गाण्यातूनही ऐकतो की काय हा? रिता मुकाट्यानं निघाली. नदीकडे वळताना मागून रेतीच्या ट्रकनं असा काही हॉर्न मारला की तिचा जीव खालीवर झाला. श्यामलालची पापणीही हलली नाही.

नदीकाठच्या मोकळ्या जागेत त्यानं तिला डावीकडे गोल फिरवलं. काही नाही. उजवीकडे फिरवलं. काही नाही. रितानं हळूच श्यामलालच्या तोंडाकडे पाहिलं. आता हाही हसणार.

“आता स्टेअरिंग उजवीकडं पूर्ण काट, अन् खड्ड्यातून हळूच ने.”

कट्ट.

त्याच क्षणाला श्यामलालचं बोट वर झालं. “हाच ना?”

“हाच! हाच, काकाजी!”

“आहे. तुझं खरं आहे, बेटा.”

तुझं खरं आहे! महिनाभरात हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं. तिनं डोळे पुसले, आणि श्यामलालनं डोळे उघडूनही खिडकीबाहेर पाहिलं, तिच्याकडे नाही. तेवढी समज होती त्याला.

गॅरेजमध्ये त्यानं गाडी जॅकवर घेतली. उजव्या चाकाखाली पहार घालून तिला बोलावलं. “इथं हात ठेव.” त्यानं पहार दाबली. रिताच्या तळहाताला खटकन ठोका बसला.

“चाकाला धरून ठेवते तो खालच्या आर्मचा बॉल जॉइंट गेला. आमचे बापजादे वैनगंगेत जाळं टाकत. दोरीवर बोट ठेवून सांगत, मासा आहे का काडी. हे तसंच. आज नुसतं वाजते, उद्या चाक आडवं पडलं असतं. लेकरं भरून तू पुलावर असती तर?”

रितानं मनातल्या मनात आठही लेकरं मोजली.

तासाभरात काम उरकत आलं. श्यामलालची बायको गुणाबाई चहा घेऊन आली. हाक नाही, काही नाही. तिनं पान्यानं बंपरवर तीन ठोके मारले, तसा गाडीखालून हात बाहेर आला. एकमेकांशी न बोलता संसार करतात वाटतं, रिता मनाशी हसली.

नवा जॉइंट बसला. रिता एकटीच नदीकाठी जाऊन आली. रेडिओ बंद केला, काचा वर केल्या, त्याच खड्ड्यातून दहा वेळा उजवीकडे गाडी काटली. गाडी गप्प! ती मोठ्यानं हसली. आता येऊ दे सोमवार. आणि त्या तिसऱ्या गॅरेजवाल्याच्या दारासमोरून मुद्दाम आठही लेकरं न्यायची, हे पक्कं.

परत आली तेव्हा श्यामलाल टाक्याशी हात धूत होता, पाठमोरा.

“काकाजी, एवढी विद्या मले शिकवान का? दर ऐतवारी येईन.”

तो हात धूत राहिला.

“काकाजी, मी खरंच म्हणून राहिली.”

तिसऱ्यांदा तिनं मोठ्यानं विचारलं. श्यामलालनं बोटांवरचं काळं घासलं, पाणी ओतलं, पुन्हा घासलं.

रिताचं तोंड उतरलं. शेवटी हाही त्यातलाच. बाईचं काम करून देईल, पण बाईला शिकवायचं नाही. ती गुणाबाईकडे वळली. “काकू, माझं काही चुकलं का? काहून बोलत नाही ते?”

गुणाबाईनं चहाची कपबशी उचलली. आवाज खाली करायचीही तिला गरज वाटली नाही.

“त्याईच्या तोंडासमोर जाऊन बोल, बेटा. ट्रकचं टायर फुटलं जवळ, त्याले नऊ वर्सं झाले. तवापासून त्याईले काहीच आयकू येत नाही.”